डंकावरचा वर्ग

मार्चचा दुसरा रविवार. डंक बंद ठेवलाय आणि वरची खोली झाडायला घेतली आहे. उद्यापासून तिथं पुन्हा वर्ग भरणार.

खाली माझा मिरची कांडपाचा धंदा. शिवाजी पेठेत त्याला सगळे डंक म्हणतात. जमिनीत बसवलेलं लोखंडी उखळ, वर विजेवर उचलली जाणारी तीन मुसळं. बाजूनं जिना आणि वर ही खोली. चार बाकं, एक फळा, एक खिडकी रस्त्याकडं, एक मागच्या चौकाकडं. कुठल्याही फटीत झाडू घातला की दोनच गोष्टी निघतात, खडूची पूड आणि मिरचीची पूड. दोन्ही मिसळल्या की गुलाबी रंग होतो. आज अर्धं सूप भरून गुलाबी पूड निघाली. ती मी मागच्या चौकात टाकून दिली. अशी पूड ठेवून कुणाचं काय भलं होत नाही. पण टाकताना हत्तरगी मॅडम डोळ्यांसमोर आल्या, त्या काही दिवसभर हलल्या नाहीत.

ही खोली पूर्वी कुणालाच टिकत नव्हती. आधी एक शिंपी आला. मग संगणकाचा क्लास आला, त्यातली पोरं शिंकून शिंकून बेजार झाली आणि त्यांच्या आया येऊन मलाच बोलून गेल्या. मार्च ते मे माझा हंगाम. त्या दिवसांत नुसतं जिन्यावर उभं राहिलं तरी ठसका लागतो.

हत्तरगी मॅडम पहिल्यांदा आल्या त्या नेमक्या भर एप्रिलमध्ये. उंच, वाळकी बाई, कपाळाला विभूतीचे पट्टे, खांद्याला कापडी पिशवी. मी तोंडाला फडकं बांधून उखळात मिरची सारत होते. त्या दारात उभ्या राहिल्या, भरपूर श्वास आत ओढला आणि म्हणाल्या, "संकेश्वरी हाय. थोडी ब्याडगी मिसळलीया की."

मी फडकं खाली घेतलं. "तुम्हांला ठसका लागत न्हाय?"

"गडहिंग्लजच्या मिरचीवाल्याची लेक मी. पोत्यांवर झोपून वाढलोय. खोली बघायला आलोय."

"कशासाठी?"

"क्लास काढायचाय. स्पॅनिशचा."

"ते कुठं बोलतात?"

"लई ठिकाणी," मॅडम म्हणाल्या. "कोल्हापूर सोडून."

मला वाटलं, ही बाई दोन महिने टिकेल. त्या नऊ वर्षं राहिल्या.

स्पॅनिशच का, हे त्यांना सगळेच विचारत. उत्तर ठरलेलं होतं. शिकायला पुण्याला गेल्या तेव्हा जर्मनसाठी नाव घालायचं होतं. त्या खिडकीवर मोठी रांग. बाजूच्या खिडकीवर कुणीच नव्हतं, आतला माणूस डबा खात बसला होता. "वडील बाहेर उन्हात उभे. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. मी बाजूच्या खिडकीवर गेलो." एवढंच. ऐकणाऱ्याला काहीतरी मोठं कारण हवं असायचं, पण मॅडम कारण फुगवून सांगत नसत. पुढं पुण्यातच बरीच वर्षं शिकवलं. आई आजारी पडली म्हणून इकडं आल्या, भावाकडं थोडं राहिल्या, मग कोल्हापूर.

त्यांचा सगळा भर वर्तमानकाळावर. पहिलं वर्षभर त्या दुसरं काही शिकवत नसत. काल काय केलं नाही, उद्या काय करणार नाही. आज काय करता, रोज काय करता, आत्ता काय करता. कुणी पोरगं पुस्तकाची पुढची पानं उलटायला लागलं की त्या पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "पहिलं आज." एका विद्यार्थ्याचे वडील एकदा तावातावानं जिना चढले. बाकीच्या क्लासमध्ये पोरं कुठल्या कुठं गेली, आमचं अजून आजमध्येच, म्हणाले. मॅडमनी त्यांना बाकावर बसवलं. "तुमचा मुलगा सकाळी उठतो का?"

"उठतो की."

"काय करतो?"

वडील म्हणाले, "मोबाईल बघतो."

"एवढं त्याला स्पॅनिशमध्ये सांगता येतं. ह्याच्यापुढं करण्यासारखं काही तो करायला लागला की पुढचे धडे घेतो."

हे सगळं मी खालून ऐकायचे. जमीन लाकडी फळ्यांची आणि मॅडमचा आवाज बाजारात वाढलेला. मला स्पॅनिश शिकायचं नव्हतं. मला काय करायचंय. पण नऊ वर्षं रोज डोक्यावर पाऊस पडला तर कोरडं कोण राहील?

पहिल्या दिवशीचं त्यांचं बोलणं तर मला पाठच झालं होतं. दरवर्षी नवी तुकडी आली की तेच. आधी पोरींना उभं करायच्या. "शाळेत 'मी जातो, मी खातो' म्हटलं म्हणून बोलणी खाल्लेल्या कितीजणी?" आमच्याकडच्या मुली घरात असंच बोलतात, मुलासारखं. त्यामुळं सगळ्यांचे हात वर. "इथं तेच बरोबर. बाई असो, बाप्या असो, 'मी' म्हटलं की शेवटाला ओ. आब्लो, बोलतो. कोमो, खातो. बिबो, राहतो. पुण्याच्या पोरींना हे पाठ करावं लागतं. तुम्ही आईच्या पोटातनं शिकून आलाय. गोत्ताय्ता?"

हे 'गोत्ताय्ता' म्हणजे कानडीत 'कळलं का'. त्यांचं घर कानडी-मराठी दोन्ही बोलणारं. शिकवताना कानडी त्यांच्या तोंडून फक्त तेवढंच यायचं. पोरं ओरडून उत्तर द्यायची, "सी." म्हणजे हो. तीन भाषांत मिळून एक प्रश्न आणि एक उत्तर, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

तालमीतली चार पोरं एकदा वर गेली. फुटबॉलच्या सामन्यात पलीकडच्या पेठेला ऐकवायला त्यांना स्पॅनिश शिव्या हव्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "देतो की. आधी 'खेळणं' चालवून दाखवा." चालवणं म्हणजे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, अशा सहा घरांतून क्रियापद फिरवून आणणं. हे क्रियापद नेमकं खोडकर निघालं. मॅडमनी सांगितलं, "आम्ही आणि तुम्ही म्हटलं की हे सरळ वागतं. बाकी सगळीकडं मधेच वाकतं. तुमच्या बरोबर उलटं. तुम्ही एकेकटे सरळ आणि घोळक्यात वाकडे." पोरं महिनाभर येत राहिली. शिव्या काही मिळाल्या नाहीत. पण मैदानात ती 'खुगामोस' असं ओरडायला लागली. त्याचा अर्थ नुसता 'आम्ही खेळतो' एवढाच. समोरच्यांना वाटलं काहीतरी भयंकर बोलताहेत. म्हणजे काम झालंच.

ही सवय त्या वर्गाबाहेरही सोडत नसत. माझी शेजारीण मालन डंकावर आली की तिच्या जावेचं एक जुनं प्रकरण काढायची. मुलीच्या लग्नात जाऊ सगळ्यांदेखत काय बोलली, त्यावर ही काय बोलली. आम्ही ते इतक्यांदा ऐकलं होतं की मुसळांच्या आवाजात नाही ऐकू आलं तरी चालायचं. एकदा मॅडम घागरीतलं पाणी घ्यायला खाली आल्या आणि उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "आता काय करते ती जाऊ?"

"आता काय करती? रोज सकाळी दूध आणून ठेवती दारात."

"मग ते सांगा की."

मालन त्यावर महिनाभर मॅडमशी बोलली नाही. जावेशीही बोलली नाही. प्रत्येक औषध लागू पडतंच असं नाही.

मॅडमना स्वतःसाठी काही हवंय असं मी कधी ऐकलं नाही. एक गोष्ट सोडून. परीक्षा कोल्हापुरात व्हावी. पहिल्या पायरीची परीक्षा पुण्याला व्हायची, शनिवारी लेखी, रविवारी तोंडी. कागद हातात असला की घरबसल्या कामं मिळायची, परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायची. पण पुण्याला रात्र काढायची म्हटलं की अर्ध्या पोरी गळायच्या. कुणाला घरचे सोडत नसत, कुणाचं मूल लहान. दरवर्षी मॅडम पुण्याच्या संस्थेला फोन करायच्या आणि दरवर्षी तिकडून सांगायचे, बघू.

यात सगळ्यात अडकलेली होती सुप्रिया. कोडोलीची सून, दुधाचं घर, बारावीपर्यंत शिकलेली. पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून, स्कूटरवर यायची. ती वर्गात सगळ्यांच्या पुढं होती आणि दोन वर्षं परीक्षेला बसलेली नव्हती. पुढच्या वर्षी तिची मुलगी शाळेत जाणार होती. त्याआधी स्वतःची नोकरी हवी, हे तिनं घरात सांगून टाकलं होतं. मला वाटलं सासू आडवी येत असेल. विचारलं तर म्हणाली, "सासू कशाला आडवी येती, काकी. म्हशी आडव्या येत्यात. दुसऱ्याच्या हाताला पान्हवतच न्हायत. मागं माहेरी एक रात्र ऱ्हायलो तर लाथ मारून बादली पालथी केली. सासू म्हणती, तू जा की, पण म्हशीला सांगून जा."

मॅडमनी हे ऐकलं आणि त्या वर्षी फोन केला नाही. सरळ पुण्याला गेल्या. काय बोलल्या माहीत नाही. परत आल्या त्या जिना चढायच्या आधी माझ्याकडं आल्या. "मानलं त्यांनी. एकदा करून बघू म्हणाले. लेखी आणि तोंडी एकाच दिवशी, परीक्षक इकडं येणार. नीट पार पडलं तर दरवर्षी. न्हाय पडलं तर परत पुणं."

त्यानंतर खोलीत जे सुरू झालं त्याला मी वर्ग म्हणणार नाही. ते तालमीतल्या जोर-बैठकांसारखं होतं. आणि इथं डंकाचं सांगायला हवं.

माझ्या डंकाला तीन मुसळं. एकापाठोपाठ एक पडतात, ठक ठक ठक, जरा श्वास घेतल्यासारखं थांबतात, परत ठक ठक ठक. मॅडमनी पहिल्याच वर्षी ते हेरलं. पहिल्या तिनात मी, तू, तो. दुसऱ्या तिनात आम्ही, तुम्ही, ते. आब्लो, आब्लास, आब्ला. श्वास. आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. वर तीसेक पाय फळ्यांवर आपटायचे, खाली मुसळं पडायची आणि रस्त्यानं जाणारा माणूस वर बघायचा. वीज गेली की डंक थांबायचा आणि वरचं क्रियापदही मधेच लोंबकळायचं. मी हसायचे. त्यात पुढं काय वाढून ठेवलंय हे मला कळलं नाही. मॅडमनाही कळलं नाही, हे विशेष.

परीक्षेचा रविवार उजाडला. पुण्याहून पिलार नावाची स्पेनची बाई आली. चाळिशीची, आखूड केस, चेहरा शांत आणि कामाचा. मी शेजारधर्म म्हणून डंक बंद ठेवला. चार दिवस आधी पाटी लावली, गिऱ्हाइकांना परत पाठवलं, तालमीच्या पोरांना गल्लीच्या तोंडाशी उभं करून गाड्यांचे हॉर्न बंद करवले. शिवाजी पेठ इतकी गप्प मी कधी बघितली नव्हती.

सकाळची लेखी परीक्षा बरी गेली. बाकांवर बोटं वाजत होती एवढंच. दुपारी तोंडी. एकेकीनं आत जायचं, बाकीच्यांनी जिन्यावर थांबायचं. शिकवणाऱ्याला आत मनाई, म्हणून मॅडम सगळ्यात खालच्या पायरीवर. पहिली सुप्रिया. कारण तिला संध्याकाळच्या धारांना कोडोली गाठायची होती.

मागची खिडकी उघडी होती. पिलार बाईंनी काहीतरी विचारलं. मलाही समजलं, रोज सकाळी काय करतेस. याचं उत्तर सुप्रिया झोपेतसुद्धा देत असेल. पण आवाज आला नाही. पिलार बाईंनी परत विचारलं, हळू. तरी नाही. खुर्ची करकरली. मग सुप्रिया म्हणाली, "मी..." आणि तेही मराठीत.

मी मॅडमकडं बघितलं. कपाळावरच्या विभूतीतून घाम उतरत होता. नऊ वर्षांत मी त्यांना मिरचीच्या धुरळ्यात घाम आलेला बघितला नव्हता. एकाएकी त्या उठल्या. माझ्या दारात आल्या.

"अक्का, डंक बंद का?"

"परीक्षा हाय म्हणून. तुम्हीच न्हवं का बोलला, शांतता पायजे?"

"मी बोललो. माझंच डोकं चाललं न्हाय. ह्या पोरींनी एक क्रियापद डंकाशिवाय म्हटलेलं न्हाय आजपर्यंत. चालू कर."

"मिरची टाकली तर ती बाई शिंकून मरंल."

"मिरची टाक कोण म्हणतंय?"

रिकाम्या उखळात मुसळ सोडायचं नसतं. लोखंडावर लोखंड आपटतं आणि बूड फुटतं. मी इकडंतिकडं बघितलं. मालनचे धने आले होते, भाजून गार करून ठेवलेले, सोमवारी कांडायचे. ते सगळे उखळात ओतले आणि बटण दाबलं.

ठक ठक ठक. श्वास. ठक ठक ठक.

वर काहीच नाही. मॅडम दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. धन्यांचा वास चौकात पसरला. मुसळं पाच-सहा फेऱ्या फिरली असतील. मग वरून आलं, "मे लेबांतो..." मी उठतो. थांबली. मुसळं पडली. आणि मग सुप्रिया सुटली. उठतो, गोठ्यात जातो, म्हशीची धार काढतो, दूध घालतो, मुलीला उठवतो. एकेक वाक्य मुसळांवर पाय ठेवून खाली उतरावं तसं.

तेवढ्यात पिलार बाईंचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. त्यांनी खाली बघितलं. कसला आवाज हा, असं काहीसं बोलल्या, आणि चेहरा काही हसरा नव्हता. मला वाटलं, संपलं. बटणावर माझा हात गेला. मॅडमनी तो तिथंच धरला.

खाली बघून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वरूनच आलं. सुप्रिया सांगायला लागली. हा डंक आहे. खाली काकी राहतात. काकी मिरची कांडतात. लोक घरून मिरच्या आणतात. "आसेन चटणी." चटणी करतात. ती वर्षभर खातात. आज मिरची नाही, वास वेगळा येतोय, आज काकी दुसरं काहीतरी कांडताहेत, का ते मला माहीत नाही. पिलार बाई काहीतरी विचारत राहिल्या, सुप्रिया सांगत राहिली. माझ्या धंद्याबद्दल, माझ्या डोक्यावर, परक्या भाषेत, आणि एकही शब्द खोटा नाही. मी बटणावरचा हात काढून घेतला. मॅडमनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "धने थोडे जास्तच बारीक होतील आज."

झालेच. सगळ्या पोरींची तोंडी परीक्षा संपेपर्यंत मालनचे धने पिठासारखे झाले. ती त्याबद्दल अजून बोलते, वर्तमानकाळातच.

संध्याकाळी पिलार बाई खाली उतरल्या. उखळात वाकून बघितलं, चिमूटभर धन्यांची पूड तळहातावर घेतली आणि वास घेतला. मॅडमना म्हणाल्या, तुमच्या विद्यार्थिनी समोरच्या गोष्टीबद्दल बोलतात. सगळीकडं मला पाठ केलेला समुद्रकिनारा आणि पाठ केलेला आवडता रंग ऐकायला मिळतो. मॅडमनी हे मला नंतर मराठीत सांगितलं, तेही मी दोनदा विचारलं म्हणून. परीक्षेचं ठिकाण कोल्हापुरात राहिलं. सुप्रिया पास झाली. तिला काम मिळालं. गोठ्याच्या शेजारच्या खोलीत बसून ती कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकते. म्हशी ओरडल्या तर तिकडचे विचारतात, तो कुणाचा आवाज. ती सांगते.

पण मॅडम त्या दिवसावर खूश नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाल्या, "चूक माझी. पोरींना कुबडी देऊन पळायला शिकवलं." तेव्हापासून आठवड्यातला एक दिवस डंक चालू व्हायच्या आधी, पहाटेच त्या वर्ग घ्यायला लागल्या. पहिले काही आठवडे ते ऐकवत नव्हतं. सगळी क्रियापदं लंगडायची. मग हळूहळू चालायला लागली.

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी सांगितलं की गडहिंग्लजला जाते. मला वाटलं भावाकडं विश्रांतीला. वय झालं होतं, गुडघे दुखायचे, जिना बाजू धरून चढायच्या. "विश्रांती कसली," म्हणाल्या. "तिकडनं पोरी एवढा एसटीचा प्रवास करून येतात माझ्याकडं. परीक्षा पुण्याहून इथं आणली. आता वर्ग तिकडं नेतो. वडिलांचं मिरचीचं गोदाम रिकामं पडलंय. वास तसाच हाय अजून."

"आणि ही खोली?"

"अक्का, स्पॅनिशमध्ये 'आहे' दोन आहेत, सांगितलंय की तुला. मी गडहिंग्लजची आहे, ते एक. मी तुझ्या माडीवर आहे, ते दुसरं. दुसरं बदलायसाठीच असतं."

मी म्हणाले, तुमचं खरं.

स्टँडवर सोडायला मीच गेले. सामान म्हणजे कापडी पिशवी, एक ट्रंक आणि मी बळंच दिलेली चटणीची बरणी. मिरचीवाल्याच्या लेकीला चटणी द्यायची म्हणजे मोठं धाडस. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "ब्याडगी कमी केलीस."

"नऊ वर्षांमागं तुम्ही वासावरनं धरलीत न्हवं का?"

गाडी लागली. गुडघ्यांमुळं त्या पायरी चढायला वेळ लावत होत्या, मागून एक माणूस म्हणाला, "चला की पावणं." मॅडम वळून त्याला म्हणाल्या, "चढतोय की. दिसतंय न्हवं?" आणि आपल्याच वेळात चढल्या. खिडकीची जागा मिळाली. मी विचारलं, परत कधी येणार? त्या फक्त "येतो" म्हणाल्या. गाडी मागं सरकली, वळली. शेवटचं दिसलं ते असं, शेजारच्या सीटवर एक कॉलेजची पोरगी होती आणि मॅडमची बोटं खिडकीच्या गजावर वाजत होती. तीन, मग थांबून तीन. पोरगी बोटांकडं बघत होती. गडहिंग्लज येईपर्यंत तिचं काय झालं असेल ते मी सांगू शकते.

खोली रिकामी राहिली. कुरिअरवाला मागत होता, गोदामासाठी अजून एकजण. मी हो म्हणणारही होते. पण मागच्या आठवड्यात सुप्रिया आली. तिची मुलगी आता शाळेत जाते, सकाळचे दोन तास मोकळे असतात. वर्ग घेऊ का, म्हणाली. सतरा पोरांनी विचारलंय म्हणाली. मग खाली बघून, "मला जमंल का, काकी?"

मी म्हणाले, "जमेल का हे मला विचारू नको. सोमवारी ये." हे कुणाकडून शिकले ते वेगळं सांगायला नको.

आता संध्याकाळ झाली आहे. फळा पुसून झाला. बाकं ओळीत लावली. लिहायचं होतं तेवढं लिहून झालं.

*

सोमवार. थोडं राहिलंय.

सकाळी सुप्रिया वेळेआधी आली. नवी साडी, हाताला शेणाचा थोडा वास. पोरं भराभरा जिना चढून गेली. एरवी ह्या वेळेला माझा डंक चालू झालेला असतो, पण आज मी अजून बटण दाबलं नव्हतं. मॅडमनी लावलेली ती पहाटेची सवय आठवून मुद्दामच थांबले होते. कुबडीशिवाय चालू दे, म्हटलं.

वर बाकं सरकली. मग गप्प झालं. पोरं गप्प, सुप्रियाही गप्प. ते मला ओळखीचं वाटलं.

मी धन्यांचं पोतं ओढलं, सूपभर धने उखळात टाकले आणि बटणाजवळ उभी राहिले. हात वर केला. तेवढ्यात फळ्यांवर एक पाय आपटला. एकटाच, जरा घाबरत. पुन्हा. मग तिसऱ्यांदा. श्वासाएवढी जागा सुटली आणि सुप्रिया कोडोलीच्या आवाजात मोठ्यानं म्हणाली, "शाळेत 'मी जातो' म्हटलं म्हणून बोलणी खाल्लेल्या कितीजणी?"

मी हात खाली घेतला. वरून हसू आलं, नंतर ओळीनं आब्लो, आब्लास, आब्ला. डंक तसाच बंद ठेवला. धने पुन्हा सुपात काढले, बादली घेतली आणि वर्ग सुटेपर्यंत जिना धुऊन घेतला.